वठलेले झाड उतरवण्याआधी

९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी वारा आणि पाऊस सुरू झाला, तशी माणसे टिनाच्या शेडखाली आली. आवारातला जुना, अवाढव्य कडुनिंब त्या शेडवरच कोसळला. सात जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले.

१ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत वाशीम अकोल्यातच होता. माती तीच, झाडे तीच, उन्हाळ्यातले वावधानही तेच. पारसला एकत्र आलेल्या गोष्टी, म्हणजे मोठे झाड, त्याच्या टप्प्यात टिनाचे छप्पर आणि एप्रिलचे वादळ, या वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या गावागावात सापडतील. देवळाच्या आवारात, झेडपीच्या शाळेच्या कुंपणाला, बसथांब्याच्या मागे. हिरवे झाड वादळात टिकेल की नाही हे सांगणे जाणकारालाही कठीण जाते. वठलेल्या आणि एका अंगाला कललेल्या झाडाचे तसे नाही. ते पडणारच असते, आणि म्हणूनच ते आपण आपल्या वेळेला, आपल्या पद्धतीने उतरवायचे असते.

आपल्याकडे घडते ते वेगळेच. चार-पाच वर्षे झाडाला कोणी हात लावत नाही. मग शेजारी फांदी पडते, ओरड होते, आणि दुसऱ्या दिवशी चार माणसे, एक दोर आणि ट्रॅक्टर घेऊन झाड ओढायला निघतात. त्या चार-पाच वर्षांत झाड पाडण्याचे काम किती अवघड होऊन बसले, याचा विचार कोणी केलेला नसतो. लाकूडतोड्या झाडावर ताबा ठेवतो तो लाकडाच्या चिवट धाग्यांच्या जोरावर, आणि झाड मेल्यावर पहिल्यांदा जातो तो हाच चिवटपणा. पहिल्या हंगामात करवतीने नीट पाडता आले असते असे झाड तिसऱ्या हंगामात क्रेनशिवाय हात लावण्याजोगे राहत नाही.

झाड खरेच मेले आहे का, हे आधी पाहावे. आपल्या पानगळीच्या मुलखात ही चूक सहज होते. पळस, साग, सालई उन्हाळ्याच्या तोंडी उघडेबोडके होतात, कडुनिंबही फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झाडतो. २०२१ मध्ये तेलंगणात कडुनिंबांवर बुरशीजन्य शेंडेमर मोठ्या प्रमाणावर आली, तेव्हा वरून करपलेली पुष्कळ झाडे पुढे पुन्हा फुटली. म्हणून बारीक फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. खाली ओलसर हिरवट थर दिसला तर फांदी जिवंत आहे. चार दिशांच्या फांद्या कोरड्या, तपकिरी निघाल्या, मोडताना काटकन तुटल्या, बुंध्याची साल पाटीसारखी सुटून येत असली, तर झाड गेलेले आहे. सर्वांत खात्रीची वेळ मात्र पावसाळ्याचा शेवट. तेव्हा सगळे शिवार हिरवे असते आणि त्यात वठलेले झाड लांबूनही लपत नाही.

मग कल पाहायचा. प्रत्येक वाकडे झाड धोक्याचे नसते. लहानपणापासून तिरपे वाढलेले झाड स्वतःला सावरत जाते. खोड वर जाताना पुन्हा सरळ होते, कलाच्या वरच्या अंगाला झाड ताण सोसणारे खास लाकूड घडवते, मुळेही त्या बाजूला जाड होतात. घाबरायचे ते नव्या कलाला. त्यात खोड शेंड्यापर्यंत एका रेषेत तिरपे असते, कलाच्या उलट्या बाजूला जमीन उचललेली किंवा अर्धवर्तुळाकार भेगाळलेली असते, कधी एखादे मूळ तुटून उघडे पडलेले दिसते. जिवंत झाड निदान नवे लाकूड घालून तोल सावरू पाहते. मेलेल्या झाडाजवळ तो उपाय उरत नाही. जुना, निरुपद्रवी वाटणारा कलही मग दरवर्षी थोडा थोडा धोक्याचा होत जातो.

कल मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. झाडापासून दूर, कलाच्या काटकोनात उभे राहून ओळंबा डोळ्यासमोर धरला की खोड किती हटले आहे ते कळते. अधिक नेमके हवे असेल, तर कलाच्या बाजूने खोडाला तीन मीटर उंचीवर खिळा ठोकून त्याला ओळंबा टांगावा आणि तो जमिनीवर टेकेल तिथे खुंटी मारून तारीख लिहून ठेवावी. ओळंबा बुंध्यापासून अर्धा मीटर पुढे पडत असेल, तर कल साधारण साडेनऊ अंशांचा झाला. खरे महत्त्व या आकड्याला नसून महिन्याभराने ओळंबा त्याच खुंटीवर येतो का, याला आहे. खुंटी सोडून पुढे गेला असेल तर झाड चालते आहे, आणि त्या खालून माणसांनी चालणे त्याच दिवशी थांबवावे. खिळा ठोकण्याइतकेही झाड भरवशाचे वाटत नसेल, तर ठोकू नये. लांबून पाहणे पुरे.

आपल्या काळ्या जमिनीने हा प्रश्न आणखी वाढवला आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. जिवंत मुळे दरवर्षी हा ताण सोसून नवी फुटतात, मेलेली तुटतात आणि कुजतात. मग जोराच्या पावसाने माती चिखलासारखी मऊ झाली की वारा नसतानाही झाड उन्मळू शकते. धुरा पेटवण्याची सवय हे दुसरे कारण. धुऱ्यावरच्या बाभळीचा किंवा कडुनिंबाचा बुंधा एकाच अंगाने वर्षानुवर्षे भाजला जातो, साल जळते, त्या जखमेतून बुरशी आणि उधई आत शिरते. असे झाड बहुधा भाजलेल्या बाजूला कलते, कारण तिथले लाकूडच उरलेले नसते. गावात हेच काम रस्त्याचे रुंदीकरण, नालीचे खोदकाम आणि बुंध्याला घट्ट बांधलेला सिमेंटचा ओटा करतात. ओट्याने मुळांची हवा आणि पाणी तर तुटतेच, शिवाय बुंध्याची कूज नजरेआड राहते. पार बांधलेले झाड सुरक्षित आहे असे आपल्याला वाटते, आणि ते पाहायला कोणी जात नाही.

पोकळ खोडाबद्दल मात्र भीती नेमकी असावी. लाकडी ठोकळ्याने बुंध्यावर सगळीकडून ठोकत गेले की भरीव आणि पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. आत ढोली आहे म्हणून झाड लगेच दुबळे होत नाही. वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, गाभ्यावर थोडाच. त्रिज्येचा सत्तर टक्के भाग पोकळ झाला आणि बाहेरचा तीस टक्के धड राहिला, तरी गणिताने खोडाची ताकद जवळपास चौथ्या हिश्शानेच घटते. पोकळी नव्वद टक्क्यांवर गेली की मात्र दोन तृतीयांश ताकद गेलेली असते. जर्मनीतले अभ्यासक क्लाउस मॅटेक यांनी पुष्कळ झाडे तपासून धड भिंतीची जाडी त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावी असा अंदाज मांडला, तो आजही जगभर वापरला जातो. त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि तो धरायचाही जिवंत झाडासाठी. ढोलीला तोंड फुटले असेल किंवा बुंध्यावर कानासारखी कडक आळिंबी आली असेल, तर हे गणित लागू पडत नाही. मेलेल्या झाडात तर बाहेरचा कोवळा थरच आधी कुजतो. सगळा भार ज्यावर, तोच थर पहिल्यांदा जातो.

पण नुसते झाड पाहून धोका ठरत नाही. खाली काय आहे, यावर तो ठरतो. पडीक जमिनीवरचे वठलेले झाड कोणालाच मारत नाही. तेच झाड अंगणवाडीच्या छपरावर कललेले असेल तर काम आजचे असते. म्हणून झाडाची उंची मोजून जमिनीवर त्याचा घेर आखावा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढी काठी मुठीच्या वर राहील अशी ताठ हाताने उभी धरावी. कलाच्या काटकोनात उभे राहून, काठीचे टोक शेंड्याशी आणि मूठ बुंध्याच्या तळाशी जुळेपर्यंत मागे-पुढे व्हावे. जुळले की तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचे अंतर हीच झाडाची उंची. पाडताना कामाशी संबंध नसलेल्या माणसाने त्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत येऊ नये, कारण वाळलेला शेंडा आपटल्यावर तुकडे होऊन लांब उडतो. झाड पंधरा मीटर असेल तर तीस मीटर. गावात हे पाळणे सर्वांत कठीण जाते. मोबाइलवर चित्रीकरण करायला माणसे झाडाच्या पुढ्यातच उभी राहतात. दोन्ही बाजूंना रस्ता अडवणारी दोन जबाबदार माणसे करवत सुरू होण्याआधी नेमलेली हवीत.

काम टाळले जाते ते बहुतेक वेळा कागदांच्या धास्तीने. ग्रामीण भागाला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन यांसारख्या अनुसूचित झाडांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि झाड वाळलेले, रोगट किंवा जीविताला धोक्याचे असणे हे परवानगीचे मान्य कारण आहे. नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आणि त्याखालचे वृक्ष प्राधिकरण येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना तिथे वेगळे संरक्षण मिळाले आहे. अर्जासोबत चारही बाजूंचे फोटो, उंची, बुंध्याचा घेर, कल आणि खाली काय आहे याचा साधा नकाशा जोडला तर पाहणीला येणाऱ्याचे काम अर्धे होते.

माझ्या मते खरी अडचण कायद्याची नाही, मालकीची आहे. रस्त्याकडेचे झाड सार्वजनिक बांधकाम विभागाचे की जिल्हा परिषदेचे, धुऱ्यावरचे या शेताचे की त्या, यातच दोन पावसाळे निघून जातात. अशा वेळी फार थोड्यांना माहीत असलेली एक तरतूद कामी येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये, पडण्याच्या बेतात असलेल्या आणि शेजारच्यांना किंवा ये-जा करणाऱ्यांना इजा होईल अशा झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. ते काढण्याचा, नीट करण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. त्यासाठी साधा लेखी अर्ज करता येतो, आणि मालक आडमुठा असला तरी प्रकरण अडून राहत नाही.

तारा जवळ असतील तर महावितरणशिवाय एक फांदीही तोडू नये. आपल्या ओळखीचा लाइनमन आहे, तो डीपीवरून लाइन बंद करून देतो, एवढ्यावर काम सुरू करण्याची पद्धत प्राणघातक आहे. रीतसर शटडाऊन, परमिट, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थ केलेल्या असल्या पाहिजेत. मुख्य पुरवठा बंद असला तरी एखाद्या घरच्या जनरेटरमधून उलटी वीज तारेवर येऊ शकते. ११ केव्हीची तार अंगाला लागावीच लागते असेही नाही. ओली फांदी, ओला दोर किंवा क्रेनचा हात तिच्याजवळ गेला तरी पुरे. तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता १९१२ वर कळवावे.

आता प्रत्यक्ष पाडणे. हिरवे, धड झाड पाडताना, ज्या बाजूला ते न्यायचे त्या बाजूने व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खाच घेतात. मग मागून काप घेतात, पण तो खाचेपर्यंत नेत नाहीत. मधे व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी राखतात, साठ सेंटिमीटरच्या बुंध्याला सहा सेंटिमीटर. ही पट्टी बिजागरीचे काम करते. झाड कलू लागले की तिचे धागे वाकतात, तुटत नाहीत, आणि झाड ठरलेल्या रेषेत खाली येते. सगळे कौशल्य या सहा सेंटिमीटरमध्ये आहे. वाळलेल्या झाडात ही पट्टी वाकत नाही, काडीसारखी मोडते. त्यातही पट्टीची दोन टोके बाहेरच्या कोवळ्या लाकडात येतात, आणि तेच आधी कुजलेले असते. मग झाड आपण ठरवलेल्या दिशेला न जाता वजन जिकडे, तिकडे जाते.

कललेल्या झाडात आणखी एक मोठा धोका असतो. ते कलाच्याच दिशेने पाडायचे ठरवले, तरी मागून काप अर्धा झाल्यावर पुढचे वजन खोडाला उभे चिरू शकते. मागची फळी क्षणात वर उसळते आणि तिथे उभ्या असलेल्या करवतवाल्याच्या छातीवर किंवा डोक्यावर बसते. यावर उपाय आहे. खाचेच्या मागे करवतीचे टोक खोडातून आरपार घालून आधी बिजागरी राखतात, मागच्या कडेला पट्टा शिल्लक ठेवतात आणि सगळ्यात शेवटी तो पट्टा तोडतात. हे सराईत माणसाचे काम आहे. कटर मशीन भाड्याने आणून एका सकाळी शिकता येत नाही. पाचर ठोकतानाही भान लागते, कारण घणाच्या हादऱ्याने वरची वाळकी फांदी सुटून डोक्यात येते. करवत लावण्याआधी मागे तिरप्या, दोन्ही बाजूंच्या पळवाटा काडीकचरा काढून मोकळ्या केलेल्या हव्यात. सरळ मागे पळायचे नाही, कारण खोडाचा तळ तिकडेच झटका देतो.

ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याची चाल तर बंदच व्हायला हवी. दोर बहुधा झाडाच्या उंचीपेक्षा आखूड असतो आणि ट्रॅक्टर नेमका झाडाच्या वाटेत उभा राहतो. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो. ओढायचेच असेल तर भक्कम झाडाच्या बुंध्याला कप्पी बांधून दोर वळवावा, म्हणजे ट्रॅक्टर बाजूला राहतो. जेसीबीने ढकलणे हे आणखी वाईट. वाळलेले खोड बकेटच्या वर मधेच मोडते आणि वरचा भाग केबिनवर पडतो. मुळे खणून किंवा बुंध्याला आग लावून झाड पाडणाऱ्यांना ते कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूला जाईल हे मुळीच कळत नाही.

कल घराकडे, शाळेकडे किंवा तारांकडे असेल तर झाड पाडायचेच नाही, वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवायचे. त्यावर चढून मात्र नाही. वाळलेल्या फांदीवर दोर अडकवून स्वतःचा जीव तिच्यावर टांगणे कोणत्याही अनुभवी माणसाने करू नये. त्यासाठी बूम लिफ्ट आणि तुकडा धरायला हायड्रा लागते. साठ सेंटिमीटर जाडीचा, फक्त एक मीटर लांबीचा वाळलेला ओंडकाही दोनशे किलोच्या घरात जातो. तो कापल्यावर हातभर खाली येऊन दोरावर थांबला, तर झटक्याने दोरावर वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. म्हणून तुकडा आधी क्रेनच्या पट्ट्याने तोलून धरायचा, मग कापायचा. क्रेनवर बारा टन लिहिलेले असते, ती क्षमता हात जवळ असतानाची. हात पूर्ण लांबवला की ती फार कमी होते. ऑपरेटरला झाडाचे वजन आणि अंतर आदल्या दिवशीच सांगितलेले असावे. इशारे देणारा माणूस एकच असावा, आणि ‘थांब’ कोणीही म्हटले तरी सगळ्यांनी थांबावे.

आदल्या दिवशी झाड दुर्बिणीने पाहून घ्यावे. आग्या मोहोळ असेल तर करवतीच्या आवाजाने माशा उठतात आणि वर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. ढोलीत पिंगळ्याचे किंवा पोपटाचे घरटे असेल आणि खाली कोणाला धोका नसेल, तर पिल्ले उडेपर्यंत थांबता येते. शेताच्या कोपऱ्यात, वाटेपासून दूर असलेले झाड तर मुळापासून काढण्याची गरजही नसते. फांद्या आणि वरचा भाग उतरवून पुरुषभर उंचीचे खोड उभे ठेवले तरी धोका संपतो, आणि सुतार पक्ष्यांना, पिंगळ्यांना ते आणखी काही वर्षे पुरते. मला ही तडजोड फार मोलाची वाटते, कारण आपल्या शिवारात जुनी ढोलीची झाडे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

या सगळ्याला वेळापत्रक लागते, आणि ते गावाकडे तयार आहे. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. २ ऑक्टोबरच्या सुमारास शिवार हिरवे असते, वठलेली झाडे उठून दिसतात. त्याच सभेत शाळा, अंगणवाडी, देऊळ, बसथांबा आणि मुख्य रस्ता एवढ्याच जागांची यादी करावी. प्रत्येक झाडापुढे मालक कोण, अर्ज कोण करणार आणि तारांसाठी महावितरणला कोण भेटणार, ही नावे लिहावीत. तोवर खुंट्या मारून महिन्याला ओळंबा पाहता येतो. परवानग्या जानेवारीपर्यंत हाती येतील असे धरून २६ जानेवारीच्या सभेत खर्च मंजूर करावा. शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून हायड्रा आणि लिफ्ट दोन दिवसांसाठी आणली तर भाडे वाटून जाते. फेब्रुवारीत जमीन कोरडी आणि घट्ट असते, त्यामुळे क्रेनचे पाय रुतत नाहीत, वाराही शांत असतो. तोंडाशी आलेला हरभरा वाटेत असेल, तर सोंगणी होईपर्यंत आठ-पंधरा दिवस थांबता येते. पण मार्चअखेर यादीतले शेवटचे झाड खाली आलेले असावे. १ मेची सभा या कामाला उशिराची ठरते. पारसचे वादळ ९ एप्रिलला आले होते.